सामाईक भिंतीला लागून नवे घर

बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यांमध्ये जुन्या गावठाणातली घरे एका ओळीत, एकमेकांना चिकटून उभी असतात. समोरून पाहिले तर घर जेमतेम १८ फूट रुंद दिसते. पण दारातून आत शिरले की सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा आणि शेवटी परसू असे ते ९० फुटांपर्यंत मागे जात राहते. हा आकार कोणी आखून दिलेला नाही. पिढ्यानपिढ्या भावाभावांत वाटण्या झाल्या, प्रत्येकाला रस्त्याकडचे दारही हवे होते आणि मागचे परसूही, त्यामुळे घर दर वेळी उभे चिरले गेले आणि मध्ये एक भिंत आली. ती भिंत दोघांची असते. तिच्यात दोन्हीकडचे कोनाडे असतात, दोन्हीकडच्या खुंट्या असतात आणि तिच्यावर दोन्ही घरांच्या छपरांचे वासे टेकलेले असतात. अशा घरातले एक घर पाडून तिथे सिमेंटचे घर बांधायचे म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो तो या भिंतीचा, आणि आमच्या घराच्या बांधकामात गेल्या दोन वर्षांत जी काही रखडपट्टी झाली ती या भिंतीपायी किंवा जमिनीखाली झाली. वरचे काम त्या मानाने सरळ गेले.

सुरुवात अर्थातच कागदांपासून झाली. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या मालमत्तांच्या नोंदी २०१३ पासून ई-स्वत्तु या संगणक प्रणालीवर आणल्या गेल्या आणि तिथून निघणारे फॉर्म ९ आणि फॉर्म ११ हे मालमत्तेचे उतारे हातात असल्याशिवाय आता ना बँक दारात उभी करते, ना वाटणीची नोंद होते. आमच्या घराची वाटणी आजोबांच्या काळात तोंडी झालेली होती. जुन्या नोंदीत आजोबांचे नाव होते, पण आडनावाशिवाय; त्यामुळे हे आजोबा म्हणजे आमचेच आजोबा, हे आधी वंशावळीच्या दाखल्याने सिद्ध करावे लागले. त्यानंतर आत्यांच्या सह्या. मुलींचा वडिलार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा असल्यामुळे त्यांचे हक्कसोडपत्र लागते आणि ते योग्यच आहे. पण आमच्या भागातल्या लेकी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना दिलेल्या असतात. एक आत्या कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, दुसरी महाराष्ट्रातल्या चंदगडला. चंदगडच्या आत्याच्या आधार कार्डावर नाव मराठीत, खानापूरच्या आत्याच्या कार्डावर कन्नडमध्ये, आणि दोन्हींवर इंग्रजीत लिहिलेले माहेरचे नाव दोन तऱ्हांचे. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र, त्यासाठी स्टँप, त्यासाठी वकील, आणि तोवर चंदगडची आत्या आमच्याकडे मुक्कामाला. तिला माहेरपणाचे दिवस मिळाले एवढी एकच गोष्ट त्या महिन्यांत चांगली झाली.

कागदपत्रे मराठीतूनही मिळावीत ही सीमाभागातली मागणी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनची आहे आणि मला ती न्याय्यच वाटते. घराचे काम मात्र तिच्या निकालापर्यंत थांबवता येण्यासारखे नव्हते, म्हणून शाळेत कन्नड शिकलेल्या पुतणीला शेजारी बसवून प्रत्येक कागद तिच्याकडून वाचून घेणे, आणि सही करण्यापूर्वी चतुःसीमेतली, म्हणजे घराच्या चार बाजूंना काय आहे त्या नोंदीतली, चारही नावे बोट ठेवून तपासणे, हाच मार्ग आम्ही धरला. चतुःसीमेत डावीकडे काकांचे नाव होते. मधली भिंत कोणाची, याबद्दल कागदात एक शब्दही नव्हता.

मकर संक्रांतीनंतर जुने घर उतरवायला घेतले. मातीचे घर पाडणे म्हणजे धुरळा, एवढेच लोकांना दिसते. प्रत्यक्षात ते वरून खाली क्रमाने उतरवावे लागते. आधी मंगळुरी कौले, मग रिपा, मग वासे, मग तुळया. आमच्या तुळया किंदळाच्या होत्या आणि माजघरातले दोन खांब फणसाचे. जुने लाकूड विकत घेणारे लोक वास लागल्यासारखे दुसऱ्याच दिवशी हजर झाले आणि त्यांनी सगळ्या लाकडाला मिळून जी किंमत सांगितली ती ऐकून बाबा काही न बोलता आत निघून गेले. खांब आम्ही ठेवून घेतले. एका तुळईतून नव्या घराची मुख्य चौकट होईल असे सुताराने सांगितले होते आणि ती झालीही. मात्र जुन्या तुळईत कुठे कुठे खिळे रुतलेले होते, त्यामुळे करवतीची पाती तुटली आणि तिचा हिशेब आमच्या खात्यावर लागला.

घर उतरल्यावर मधली भिंत एकटी उभी राहिली. दोन फूट जाडीची, कच्च्या मातीच्या विटांची, आमच्या बाजूने शेणाने सारवलेली, त्यावर मुलांच्या उंचीच्या खुणा आणि देवघराच्या जागी तेलाचा काळा पट्टा. इतकी वर्षे दोन्ही बाजूंनी छपराखाली असलेली ही भिंत आता एका बाजूने उघडी होती आणि काकांच्या घराचे छप्पर अजून तिच्यावरच टेकलेले होते. काका वारल्यापासून त्या घरात काकू आणि त्यांचा मोठा मुलगा राहतात. भिंत पाडायची तर त्यांचे अर्धे छप्पर उतरवावे लागणार होते आणि त्यांची तशी तयारीही नव्हती, ऐपतही नव्हती. तेव्हा भिंत आहे तशी ठेवायची आणि आमच्या बाजूने आत सरकून बांधायचे, असे ठरले. जागा १८ फूट, त्यातली भिंतीची आमच्या वाट्याची एक फूट जाडी सोडून द्यायची, पुढे चार इंचांची फट ठेवायची आणि मग आमची भिंत उभारायची. पाहुण्यांपैकी पुष्कळांनी हा वेडेपणा ठरवला. "तुमच्या हक्काची जागा सोडूलाय," असे म्हणणाऱ्यांपैकी कोणीही काकूंच्या घरी एक रात्र झोपायला तयार झाला नसता.

पाया खणायला लागलो आणि इंजिनिअरने नकाशात लिहिलेली पाच फुटांची खोली पहिल्याच खड्ड्यात निकालात निघाली. गावठाणातली जमीन ही मुळात जमीन नसते, ती भर असते. खड्ड्याच्या बाजूला उभे राहून पाहिले तर थर स्पष्ट दिसत होते: वर सारवणाच्या पापुद्र्यांचा हातभर जाडीचा थर, खाली राखेचा करडा पट्टा, त्याखाली नळीच्या कौलांचे तुकडे, म्हणजे मंगळुरी कौलांच्याही आधीच्या घराचे छप्पर, मग पुन्हा माती, पुन्हा राख, एक फुटका रांजण, आणि मग कुठे लाल मुरूम. काही खड्ड्यांत तो साडेसहा फुटांवर लागला, मागच्या बाजूला आठ फुटांवर. असल्या भरावावर पाया ठेवला तर तो सगळीकडे सारखा खचत नाही, एका कोपऱ्यात जास्त दबतो आणि भिंतीला तिरक्या भेगा जातात. त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुसरी अडचण भिंतीच्या कडेच्या खांबांची. खांबाखालचे काँक्रीटचे चौकोनी बूड, ज्याला सगळे फुटिंग म्हणतात, ते साधारणपणे चारही बाजूंना सारखे पसरलेले असते, म्हणजे वजन मधोमध उतरते. खांब हद्दीला लागून असेल तर फुटिंग शेजाऱ्याच्या घराखाली पसरता येत नाही, ते एकाच बाजूला वाढवावे लागते आणि मग खांबाचे वजन त्याच्या कडेवर येऊन ते कलू पाहते. ते कलू नये म्हणून कडेचे फुटिंग आणि आतल्या खांबाचे फुटिंग जमिनीखालीच एका दणकट बीमने जोडतात. आतल्या खांबाचे वजन कडेच्या फुटिंगला कलण्यापासून रोखते. इंजिनिअरने हे मला कागदावर काढून दाखवले. गावातल्या एका अनुभवी माणसाने येऊन तो बीम पाहिला आणि "एवढं लोखंड मातीत पुरूलाय, वर एक खोली झाली असती," असे सांगितले. सळयांचा हिशेब पाहता त्याचे गणित फारसे चुकीचे नव्हते.

खणताना सगळे खड्डे एकदम काढायचे नाहीत, ही इंजिनिअरची सक्त ताकीद होती. मातीच्या भिंतीला स्वतःचा पाया असा फारसा नसतो. दोन-अडीच फुटांवर दगडांची एक ओळ, एवढाच. तिच्या शेजारी आठ फूट खोल सलग चर काढला तर तिच्या खालची माती खड्ड्यात सरकणार आणि भिंत मागोमाग येणार. म्हणून एक खड्डा काढायचा, त्यात सळयांची जाळी बसवायची, काँक्रीट ओतायचे, खांब जमिनीच्या वर आणायचा, मुरूम भरून पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, आणि मगच पुढचा खड्डा, तोही शेजारचा नव्हे, एक सोडून पलीकडचा. जेसीबी परसातल्या बाजूला चालला, भिंतीकडे सगळे काम पहार आणि फावड्याने. त्या दिवसांत काकू सकाळी भाकऱ्या उरकून त्यांच्या सोप्याच्या उंबऱ्यावर येऊन बसत. पहारीचा घाव जरा जोरात पडला की आतून माती झरल्याचा आवाज त्यांना ऐकू येई.

"हळू मार रे. भिंत पडली तर आमी कुटं जाऊचं?" त्या खड्ड्यातल्या पोराला म्हणत.

"नाही पडूची ओ काकू, मी हाय की," असे मेस्त्री वरून सांगत. आणि लगेच खड्ड्यात वाकून त्याच पोराला चार शिव्या घालत.

भिंत पडली नाही. एका ठिकाणी कोनाड्याखाली उभी चीर गेली, तिथे लाकडाचे तिरके टेकू लावून तो खड्डा आधी भरला. या सगळ्या कामाला ठरलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त वेळ लागला आणि काम संपल्यावर वर काय दिसत होते, तर सपाट केलेल्या मुरमातून बाहेर आलेली सळयांची टोके. पाहुणे येत, पाहत आणि "अजून काहीच नाही?" असे विचारत.

बँकेचीही नजर पाहुण्यांसारखीच असते. घराचे कर्ज एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळते: जोते झाले की एक हप्ता, स्लॅब झाला की दुसरा, गिलावा झाला की तिसरा. पाहणीला आलेला माणूस जोत्याचा फोटो काढतो आणि जातो. त्या जोत्याखाली पाच फूट आहे की आठ फूट, हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नाही. आमच्या अंदाजपत्रकातल्या पायाच्या रकमेत जोते उभे राहिलेच नाही. वरचा खर्च गावच्या सोसायटीतून सोने ठेवून भागवला. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने त्याच सुमारास घराच्या दर्शनी भागाचे थ्रीडी चित्र पाठवले होते, त्यात गोव्यासारखी गोल बाल्कनी होती. त्याला मी उत्तर म्हणून खड्ड्याचा फोटो पाठवला. प्रत्येक फुटिंगचा, बुजवण्यापूर्वी, टेप लावून काढलेला फोटो माझ्याकडे आहे. भेटायला येणाऱ्याला तो दाखवण्यात काही अर्थ नाही, पण पुढे कधी वरचा मजला वाढवायचा झाल्यास दुसरे काहीच पुरावा म्हणून उरणार नाही.

सळयांच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती कोणालाही करता येते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम. १२ मीटरची अखंड सळई १०.६७ किलोच्या आसपास. मानकाप्रमाणे या जाडीला पाच टक्के इकडेतिकडे चालतात. विक्रेता नगावर हिशेब लावत असेल आणि वजन मात्र या गणिताचे धरत असेल, तर हलक्या सळईत पैसे जातात आणि ताकदही जाते. पहिल्या गाडीतली एक सळई आम्ही दोन तुकडे करून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली, तर ती साडेनऊ किलोच्याही खाली निघाली. गाडी परत पाठवली. विक्रेत्याने फोनवर बराच वेळ मला मार्केट समजावून सांगितले. दुसऱ्या दुकानाने वजनकाट्याच्या पावतीवर माल दिला.

विटा खानापूरच्या. त्या तालुक्याच्या मातीचे नाव विटांसाठी आणि कौलांसाठी लांबवर आहे, आणि आमच्या भागात "खानापुरी वीट" म्हटले की पुढे काही विचारायची पद्धत नाही. तरी पाहून घेतलेली बरी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, छातीएवढ्या उंचीवरून टाकलेली वीट फुटायला नको, आणि दिवसभर पाण्यात बुडवून ठेवलेल्या विटेचे वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढायला नको. आमची पहिली गाडी चांगली होती. एप्रिलच्या अखेरीस वळिवाने दोन संध्याकाळी झोडपले, भट्ट्यांवर वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल झाला आणि दुसऱ्या गाडीचा दर ऐकून आम्ही पुढच्या भिंती काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये नेल्या. बाबांना ब्लॉकचे घर म्हणजे गोदाम वाटते. वरून गिलावा होईल, असे सांगून त्यांची समजूत घालता आली, म्हणजे त्यांनी बोलणे बंद केले.

आमच्याकडे बांधकामाचे वेळापत्रक इंजिनिअर लिहितो आणि शेती खोडते. मे महिना उजाडला की धूळवाफ पेरणीची तयारी सुरू होते. कोरड्या मातीत भात पेरून पावसाची वाट पाहायची, ही इथली रीत. त्या पंधरवड्यात गवंड्याच्या हाताखालचे सगळे लोक, आणि खुद्द गवंडीही, आपापल्या शेतात असतात. पुढे जुलैत लावणी, नवरात्राच्या सुमारास रताळी काढणे, दिवाळीनंतर सुगी. "मेस्त्री, उद्या नक्की का?" असे विचारले की "येतो की ओ," हे उत्तर ठरलेले, आणि त्यात खोटेपणा नसतो; येण्याची इच्छा खरी असते, फक्त उद्या कोणत्या आठवड्यातला ते सांगितलेले नसते. मला राग येई, पण मीही त्याच पंधरवड्यात पेरणीची कुरी धरायला शेतात जात होतो, तेव्हा रागवायचे कोणावर?

स्लॅब त्यामुळे रोहिणीत व्हायचा तो मृगाच्या तोंडावर आला. सेंट्रिंगवाल्याच्या, म्हणजे स्लॅबखाली साचा आणि टेकू लावणाऱ्याच्या, पत्र्याच्या प्लेटा दुसऱ्या गावच्या एका घराखाली अडकल्या होत्या आणि तिथला स्लॅब झाल्याशिवाय त्या निघणार नव्हत्या. निघाल्या तेव्हा आकाश भरून येऊ लागले होते. ताज्या काँक्रीटवर मोठा पाऊस पडला तर वरचे सिमेंट धुऊन जाते. एकदा ते आवळले की मग पावसासारखा पाणी मारणारा गडी नाही, तोही बिनपगारी. म्हणजे प्रश्न फक्त पहिल्या काही तासांचा होता. गावातून जमतील तेवढ्या ताडपत्र्या गोळा केल्या, पहाटे मिक्सर आणि लिफ्ट लावली आणि दुपारी तीनच्या आत शेवटचे घमेले पडले. सरी आल्या त्या रात्री आठनंतर. स्लॅबच्या दिवशी कामगारांना मटणाचे जेवण घालायचा आमच्याकडे रिवाज आहे, पण पावसाच्या धाकाने धरलेला तो दिवस नेमका सोमवार निघाला. मेस्त्रींनी आदल्या दिवशी मंगळवार करा म्हणून सुचवून पाहिले होते. खीर-पुरी झाली, आणि मटणाची उधारी अजून त्यांच्या बोलण्यात येते.

पाणी मारण्याचा प्रश्न नसला तरी टेकू काढण्याची घाई सेंट्रिंगवाल्याला होतीच, त्याचा माल अडकून पडतो. स्लॅबखालच्या १६ फुटांच्या बीमला, म्हणजे पाच मीटरच्या आसपासच्या, भारतीय मानकाप्रमाणे टेकू किमान १४ दिवस ठेवावे लागतात. पावसाळी थंड हवेत आणि आजकालच्या राख मिसळलेल्या सिमेंटला ताकद यायला आणखी वेळ लागतो. इंजिनिअरने तीन आठवडे सांगितले. सेंट्रिंगवाला अधूनमधून येऊन खालून वर पाहत उभा राहायचा, आणि मी चहा द्यायचो.

खरी परीक्षा आर्द्रा आणि त्यानंतरच्या तरण्या पावसात झाली. आमच्या डोक्यावर स्लॅब आला होता, पण आमची नवी भिंत आणि काकूंची मातीची भिंत यांच्यामधली चार इंचांची फट वरून उघडी होती. त्या फटीत उतरलेले पाणी दोन भिंतींच्या मध्ये साचते, मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी मुरते, आणि मातीची भिंत वरून पडत नाही, ती खालून बसते. प्लॅस्टिकचा कागद पहिल्याच वाऱ्यात फाटला. दुसऱ्यांदा लावलेल्या कागदावर विटा ठेवल्या, त्या विटा काकूंच्या कौलांवर पडल्या. शेवटी पत्र्याचे काम करणाऱ्याकडून काटकोनात वाकवलेली पट्टी करून घेतली. तिची एक कड आमच्या भिंतीत खाच पाडून सिमेंटने बसवली आणि दुसरी कड मातीच्या भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे, काकूंच्या कौलांखाली सरकवली. म्हणजे आमच्या भिंतीवरून ओघळणारे पाणी फटीत न जाता त्यांच्या छपरावरून पागोळीला जाते. भर पावसात, ओल्या कौलांवर गोणपाट टाकून, चुलतभावाने आतून आणि मी बाहेरून ती पट्टी बसवली. आमचे जोते त्यांच्या जमिनीपेक्षा अडीच फूट उंच असल्याने आमच्या भरावाचा ओलावा आणि रेटा त्यांच्या भिंतीवर जाऊ नये म्हणून जोत्याच्या कडेला दगडी बांधकाम आधीच केलेले होते. पावसाळा संपल्यावर काकूंच्या माजघरात भिंतीच्या बुडाशी हात लावून पाहिले. कोरडी होती. वर एका कोपऱ्यात ओल आली होती, ती त्यांच्या स्वतःच्या फुटक्या कौलातून.

घरात जे वाद झाले ते मात्र यांपैकी कशावरही झाले नाहीत. ते झाले जिना कुठून घ्यायचा, देवघराचे तोंड कुठे, आणि सगळ्यांत जास्त, मधल्या चौकावर. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या अशा बोळासारख्या घराला खिडक्या फक्त पुढे आणि मागे मिळतात. जुन्या घरात माजघरावर एक काचेचे कौल होते, दुपारी त्यातून उन्हाचा तुकडा जमिनीवर पडायचा आणि तेवढ्या उजेडात आई तांदूळ निवडायची. स्लॅबच्या घरात काचेचे कौल कुठून आणणार? म्हणून मध्यभागी पाच फूट बाय सहा फुटांची जागा आभाळापर्यंत मोकळी ठेवावी, असा माझा आग्रह होता. बाबांच्या मते ती वाया गेलेली जागा, भावाच्या मते तिथे बाथरूम बसते, आणि वास्तू पाहणाऱ्या एका पाहुण्यांच्या मते तिथे काहीच नको आणि काहीतरी हवे. ५० वर्षांपूर्वी बांधलेली आणि नंतर स्लॅब टाकलेली गावातली किती घरे दिवसा दिवा लावून बसतात, हे मी सगळ्यांना फिरवून दाखवले. आईने निकाल माझ्या बाजूने दिला, तोही वेगळ्याच कारणासाठी: तिला पावसाळ्यात वाळवण घालायला वर काचेचा पत्रा असलेली जागा हवी होती. आता गिलावा झाल्यावर स्वयंपाकघरात दुपारी दिवा लागत नाही आणि बाबा खुर्ची टाकून तिथेच वर्तमानपत्र वाचतात.

सध्या घाई आहे ती गावच्या लक्ष्मीच्या यात्रेची. आमच्या भागात ही यात्रा दरवर्षी येत नाही. बऱ्याच वर्षांनी येते आणि येते तेव्हा सगळ्या गावाच्या लेकी, जावई, सोयरे, त्यांचे सोयरे दारात उतरतात. त्यामुळे यात्रेची तारीख ठरली की गावात एकाच वेळी निम्म्या घरांना काम निघते आणि गवंडी, रंगारी, प्लंबर यांचा भाव चढतो. फरशी बसवणारी राजस्थानी मुले एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत अर्धा-अर्धा दिवस वाटून घेतली जात आहेत. आमच्या वाट्याला ती गुरुवारी आणि शुक्रवारी आहेत. सोपा, माजघर आणि स्वयंपाकघराची फरशी यात्रेपूर्वी होईल. वरची खोली होणार नाही, तिथे नुसत्या काँक्रीटवर गाद्या टाकून पाहुण्यांची सोय करू. बाहेरचा रंग पुढच्या वर्षी. गोल बाल्कनी झालेली नाही, तिच्या जागी सरळ कठडा आहे आणि भावाने ते आता मान्य केले आहे, किंवा निदान चित्रे पाठवणे बंद केले आहे. कायमच्या वीजजोडणीसाठी आणखी एक दाखला मागितला गेला आहे. पुतणी परीक्षेतून मोकळी झाली की तिला घेऊन जाईन.

चुलतभावानेही यात्रेनंतर आपली बाजू उतरवायचे मनावर घेतले आहे. परवा रात्री तो आमच्या फुटिंगचा नकाशा मागायला आला होता, कारण त्याचा पाया आमच्या पायाला खेटून बसणार आणि आमची खोली कुठे किती आहे हे कळल्याशिवाय त्याच्या इंजिनिअरला आकडा टाकता येत नाही. नकाशाची प्रत दिली, फोटोही पाठवले. मधली भिंत तेव्हा निघेल. त्याच्या वाट्याची एक फूट आणि आमच्या वाट्याची एक फूट अशी जी दोन फुटांची पट्टी मोकळी होईल, तिचे काय करायचे, त्यात हवा-उजेड घ्यायचा की दोघांनी वाटून घ्यायची, यावर आमचे अजून बोलणे चालू आहे.